एकतीस आणि एक

पी-1, पी-2 या पार्किंगच्या पाट्या ज्यांच्या नशिबी आल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: पी-1च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-2च्या बाजूला सम तारखेला. तारीख रात्री बाराला बदलते, त्यामुळे रात्री सज्जन म्हणून झोपलेली गाडी सकाळी गुन्हेगार होऊन उठते. पण महिना 31चा असेल तर 31 विषम आणि 1 पण विषम, म्हणजे गाडीनं जागचं हलायचंच नाही. 31 जुलैला पी-1ला लावलेली माझी स्कूटर 1 ऑगस्टलाही पी-1लाच बरोबर होती. टोइंगच्या टेम्पोनं ती तरीही उचलली. पोरांना एवढंच पाठ असतं: काल या बाजूच्या सोडल्या, आज या बाजूच्या उचला.

यार्डात चिखल. ताडपत्रीखाली खुर्ची, खुर्चीत टोइंग एजन्सीचा मुलगा, अंगात रेडियमच्या पट्ट्यांचं जाकीट.

"ताई, काल त्या बाजूला पार्किंग होतं ना? मग आज समोर."

"अरे, काल एकतीस होती. आज एक. दोन्ही विषम."

"असं कसं? रोज बदलतं."

"महिना बदलताना नाही बदलत."

"मग कोण बदलतं?"

यावर मला उत्तर सुचेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "जुलै एकतीसचाच कशावरून?" छत्री, कानटोपी आणि उचलून आणलेली मोपेड सोडवायला आलेले एक आजोबा. त्यांनी छत्री बगलेत मारली आणि मूठ आवळली. "हे बघ बाळा, उंचवटा जानेवारी, खड्डा फेब्रुवारी, उंचवटा मार्च..." मुलानंही मूठ आवळली. जुलैशी बोटं संपली. आजोबांनी पहिल्या बोटापासून पुन्हा सुरुवात केली, "उंचवटा ऑगस्ट." मुलगा म्हणाला, "एकाच बोटावर दोन महिने?" दोघांचा आवाज चढला. चलानचं मशीन घेऊन आलेल्या हवालदारांना दिसलं ते एवढंच, की दोन माणसं एकमेकांसमोर मुठी धरून उभी आहेत. "ए, मारामारी नको! पावसात आधीच डोकं फिरलंय."

आजोबांनी जुलै 31चा असल्याचा निर्वाळा दिला. मला हायसं वाटलं, पण त्यांचा हिशेब थांबेना. 31चे महिने सात, प्रत्येकात विषम तारखा 16. 30चे चार, त्यात 15. फेब्रुवारीत 14. "एकूण 186 विषम आणि 179 सम!" ते माझ्याकडे वळले. "म्हणजे पी-1ला वर्षाला सात दिवस जास्त. लीप वर्षात आठ. माझं दुकान पी-2ला आहे. तीस वर्षं आहे. सात दिवस जादा घेऊन वर तक्रार करता?" पुढे ते माझ्याशी बोलले नाहीत. हवालदारांकडे मात्र सम तारखा वाढवून मागत राहिले.

हवालदारांनी मशीनवर तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. माणूस सरळ होता. "बरोबर आहे मॅडम तुमचं. चलान नाही करत. टोइंगचे तेवढे भरा."

"चूकच नाही तर टोइंगचे कशाचे?"

"ते एजन्सीचं."

"गाडी उचलली ना ताई," मुलगा म्हणाला. "डिझेल जळलं, पोरांची मजुरी झाली. आणि साहेबांनीच दाखवली."

"मी तिच्या शेजारची दाखवली होती," साहेब म्हणाले.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 127प्रमाणे गाडी हलवायचा अधिकार वर्दीतल्या पोलीस अधिकाऱ्याचा आणि खर्च मालकाचा. म्हणून टेम्पोत एक वर्दी बसवतात. बोट सरकारचं, हात ठेकेदाराचे, खिसा आपला. एजन्सीला पैसे गाडीमागे मिळत असतील, तर भोंग्यावर नंबर पुकारून मालकाची वाट कोण बघेल? बंगळूरमध्ये अशाच तक्रारी इतक्या वाढल्या की फेब्रुवारी 2022मध्ये टोइंगच थांबवलं. मुंबईत महापालिकेनं जुलै 2019मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास स्वतःच दंड सुरू केला, तो दुचाकीलाही 5,000 रुपयांपासून. तेवढ्या पैशांत जुनी दुचाकी येते.

हे काम पोलिसांकडून काढून घ्यायला माझी ना नाही. लंडननं 1991च्या कायद्यानं पार्किंग पोलिसांकडून काढून स्थानिक कौन्सिलांकडे दिलं. पण कामाबरोबर हरकतीची वाटही दिली. दंड 14 दिवसांत भरला तर निम्मा, हरकत आधी कौन्सिलकडे, तिथं नाही पटलं तर कौन्सिलबाहेरच्या लवादाकडे. उचललेली गाडी पैसे भरून सोडवली तरी भांडता येतं. आमच्या यार्डात लवाद म्हणजे आजोबा, आणि त्यांचं दुकान पी-2ला.

पैसे भरले, वर जीएसटी. पावतीवर बारीक अक्षरात छापलेलं: 'वाहन सुस्थितीत मिळाले.' सही आधी, गाडी नंतर. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी सहीपूर्वी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढावा, मागे टेम्पोचा नंबर येईल असा. आरसा आणि ब्रेकचा लिव्हर सगळे बघतात. साइड पॅनल बघा: पोरं मागच्या दांडीऐवजी पॅनलला धरून उचलतात, आतल्या क्लिपा तुटतात आणि आठवड्यानं खडखड सुरू होते. हँडल लॉक असलेली गाडी पुढच्या चाकावर फरफटवली की लॉकची पिन वाकते. माझी वाकली होती. "हँडल डावीकडे दाबून धरा ताई, मग चावी फिरवा," मुलानं सांगितलं. पिनवरचा ताण गेला आणि चावी फिरली; म्हणजे हे रोजचंच. मेकॅनिक म्हणतो, नुसतं लॉक बदलता येतं, पण मग डिकीला वेगळी चावी; एकच चावी हवी तर पूर्ण लॉकसेट. तो कोणाच्या खर्चानं, हे एजन्सीला विचारलं तर चौकीत विचारा म्हणाले.

ऑगस्टही 31चाच आहे. 1 सप्टेंबरला मी गाडी पी-2ला लावणार आहे, साफ बेकायदा, आजोबांच्या दुकानासमोर. टेम्पो त्या दिवशी त्या बाजूला फिरकणार नाही.