फुकटचं म्हणून नव्हे, मापाचं नाही म्हणून

गंजलेल्या तीनचाकी सायकलींचा एक फोटो सध्या गटागटांवर फिरतोय. खाली मजकूर : ‘फुकट मिळालेल्याची किंमत नसते. सरकार दिव्यांगांना सगळं देतं, ते अडगळीत टाकतात. हे वाटप बंद करा.’ साधनं पडून राहतात हे खरं आहे, मीही पाहिलंय. पण त्यावरून काढलेला अर्थ साफ चुकीचा आहे.

आधी ‘फुकटची किंमत नसते’ याबद्दल. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती 1975 पासून जयपूर फूट हा कृत्रिम पाय मोफत बसवते. तो पाय लावून लोक उकिडवे बसतात, मांडी घालतात, शेतातल्या चिखलात अनवाणी चालतात. तो सहसा कुणी माळ्यावर टाकत नाही, कारण माप घेऊन, बसवून, चालवून बघून दिलेला असतो. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर 2006 पासून मोफत आहे. अनेक अंध माणसं त्यावर रोज नोकरी करतात.

मग पडून काय राहतं? जे मापाचं नसतं ते. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा तुम्ही किती दिवस लावाल? मणक्याला इजा झालेल्या अनेकांना कमरेखाली संवेदना नसते. बैठक चुकीच्या रुंदीची असली, खाली नीट गादी नसली, तर कळायच्या आत बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, होतो आणि चिघळला तर जिवावर बेततं. असा माणूस ती व्हीलचेअर कोपऱ्यात लावतो तेव्हा तो स्वतःचा जीव सांभाळत असतो. मोजमाप, वापरायचं शिक्षण आणि नंतरची देखभाल हे सगळं व्हीलचेअर देण्याचाच भाग आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2008 सालीच लिहून ठेवलंय.

माझ्या आत्याला एका शिबिरात श्रवणयंत्र मिळालं. कानाचा साचा घेतलाच नव्हता, त्यामुळे यंत्र सतत शिट्टी मारायचं. बटणाएवढी बॅटरी आठ-दहा दिवसांत संपे आणि तालुक्यात कुठे मिळत नसे. शेवटी यंत्र डबीत गेलं. नातवंडांचं बोलणं तिला ऐकायचं नव्हतं, असं कोण म्हणेल?

‘सरकार सगळं देतं.’ दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे, कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी त्याआधीपासून साधनं बनवते, त्यांचा आधार खूप जणांना झालाय. पण एडिपमधून एकदा घेतलेलं साधन पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, 12 वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. आपल्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या सायकलीचे टायर तीन वर्षं टिकतात का? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या 2022 च्या अहवालानुसार जगात 250 कोटी लोकांना असं एक तरी साधन लागतं (चष्माही त्यात आला), आणि जवळपास 100 कोटींपर्यंत ते पोचत नाही.

वाटप बंद केलं तर ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांचं काहीच अडणार नाही, ते मापाचं विकत घेतील. घरात कोंडला जाईल तो गरीब.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो फोटो पुढे पाठवण्याऐवजी येत्या ग्रामसभेत विचारा : या निधीतून टायर-ट्यूब, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि गावातल्या सायकलवाल्याची मजुरी का देता येणार नाही?