कुलपात खोबरेल कायले ओतता?

काहून बाप्पा, पिकअपच्या दाराच्या कुलपात खोबरेल ओतता? दर हिवाळ्यात सांगून तोंड दुखलं! खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठते, अन् आपल्याकडं पौषात पहाटे पारा 10 च्याही खाली जाते. मग आत पांढरा थर जमते, त्यात काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू. किल्ली अर्ध्यातच अडकते. इकडं तूर बाजार समितीत न्यायची घाई, अन् ड्रायव्हर माचिसच्या काड्यांवर किल्ली गरम करत उभा! उकळतं पाणी मारणारे शहाणे वेगळेच. काच तडकली तर भरून कोण देणार? अरे, आधी ते तेल धुऊन काढा, कुलूप सुकू द्या, मग पेन्सिलीच्या शिशाची भुकटी टाका. हे शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते गोठत नाही. पण ऐकते कोण! पुढच्या थंडीत पुन्हा तीच खोबरेलची बाटली हातात.