“दोन मिनिटांचं काम, दोन दिवस लावले आणि साडेतीन हजार घेतले” या रिव्ह्यूवर कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार शेठजी. रिव्ह्यू वाचला. ऐन कापसाच्या सीझनमधे तुमच्या वजनकाट्यावर गाड्या खोळंबल्या, शेतकऱ्यांची बोलणी तुम्हाला खावी लागली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. शुक्रवारी रात्री येतो म्हटलं आणि शनिवारी ११ वाजता पोचलो हेही खरं आहे, ते माझं चुकलं.

पण “एक कमांड मारली, दोन मिनिटं लागली, आणि साडेतीन हजार मागते” हे जे लिहिलं ना, ते काही गळ्याखाली उतरत नाही शेठजी. राळेगावात दुकान टाकून ११ वर्षं झाली, गिऱ्हाईक बोर्ड पाहून येत नाही, असं काही वाचून येते नाहीतर येत नाही. म्हणून झालं काय ते सगळं लिहितो, लांबलं तर माफ करा.

शुक्रवारी संध्याकाळी लाईट गेली, तुमच्या यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली, सर्व्हर धाडकन बंद पडला. ७ वाजता लाईट आली, सर्व्हर चालू झाला, काट्यावरचा कॉम्प्युटर पण जोडला गेला, सगळं हिरवं. फक्त या सीझनच्या पावत्या एकही दिसेना, शेवटची पावती मागच्या सीझनची. तुमचा फोन आला तो असा, “अबे, डाटा उडवला का तू?” मी तर तेव्हा तिकडे नव्हतो पण.

फोनवर मी तीनदा बंद-चालू करायला लावलं, त्याचा काही उपयोग नव्हता हे आज कळते, तेव्हा नाही कळलं. पण त्याच फोनवर मी अजून एक गोष्ट सांगितली होती ती रिव्ह्यूत कुठंच नाही. मी म्हटलं होतं, कॉम्प्युटरवर नवीन पावती काढू नका, वजन वहीत लिहा, आल्यावर पाहतो. हाव म्हटलं तुम्ही. आणि सकाळी पाहतो तर त्याच जुन्या डाटावर ४१ पावत्या फाडून ठेवलेल्या!

आता झालं होतं काय. सीझनच्या आधी आपण सर्व्हरला नवीन एसएसडी, म्हणजे जलद डिस्क, टाकली, आठवते ना, तेव्हा मायएसक्यूएलचा, म्हणजे पावत्या साठवणाऱ्या प्रोग्रामचा, सगळा डाटा तिच्यावर हलवला. डाटा कुठं आहे हे या प्रोग्रामला (सर्व्हिस म्हणतो ती हीच) एका सेटिंगच्या फाइलीतून कळते, चालू होताना ती फाइल वाचते आणि त्या पत्त्यावर जाते. तर गुरुवारी कोणीतरी त्या फाइलीत कनेक्शन वाढवायचा आकडा बदलायला गेलं, सेव्ह होईना, परमिशन नाही म्हणे, मग एखादा व्हिडिओ पाहून आतल्या फाइलींसकट पूर्ण फोल्डरलाच ७७७ परमिशन देऊन टाकली. ७७७ म्हणजे घराला कुलूप नाही, दार नाही, कोणीही या आणि काहीही लिहा. मायएसक्यूएलला हे चालत नाही. जी फाइल कोणीही बदलू शकते तिच्यावर तो विश्वास ठेवत नाही, सरळ सोडून देतो, वाचतच नाही. आणि बंदही पडत नाही! हीच तर पंचाईत आहे. बंद पडला असता तर मी फोनवरच अंदाज केला असता. तो आपला स्वतःच्या मूळच्या सेटिंगवर चालू होतो, आणि मूळच्या सेटिंगमधे डाटाचा पत्ता जुन्या हार्डडिस्कवरचा. तिथं जुनी कॉपी होतीच, मागच्या सीझनपर्यंतची, तीच दाखवली बिचाऱ्याने.

गुरुवारी मात्र काहीच दिसलं नाही, कारण सेटिंग चालू होतानाच वाचते, चालू असताना नाही. गुन्हा गुरुवारचा, बोंब शुक्रवारची, आणि रिव्ह्यू माझ्या नावावर.

शनिवारी आल्या आल्या मी पहिला प्रश्न विचारला, सर्व्हरला कोणी हात लावला का. “कोणीच नाही.” चहा आला तेव्हा पुन्हा विचारलं, कोणीच नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर तुम्हीच चिडले, “काऊन रे, आमच्यावर शक आहे का तुले?” मग मी गप्प बसलो आणि शोधत राहिलो. फाइल उघडून पाहतो तर एसएसडीचा पत्ता एकदम बरोबर, अक्षर न अक्षर बरोबर, आणि सर्व्हिस तिकडे ढुंकून पाहत नाही. केबल पाहिली, एसएसडी गेली का म्हणून तपासली, ठणठणीत. एररची नोंद पाहिली तर शुक्रवारनंतर त्यात एक ओळ नाही. तिथं पाऊण तास गेला माझा, मला वाटलं एररच नाही. अहो, नोंद कोणत्या फाइलीत लिहायची हे पण त्याच सेटिंगमधे असते, सेटिंग वाचलीच नाही तर नोंद तरी तिथं कशी येणार? ती सिस्टीमच्या दुसऱ्या नोंदीत जाऊन बसली होती. शेवटी सर्व्हिसलाच विचारलं, बाबा तू डाटा कोणत्या फोल्डरमधून घेतो, तर त्याने जुना पत्ता सांगितला. मग त्या दुसऱ्या नोंदीत वॉर्निंगची ती एक ओळ सापडली, फाइल सगळ्यांना लिहायला मोकळी आहे म्हणून दुर्लक्ष केलं. चालू होतानाच्या पन्नास ओळींत एक ओळ. तेव्हा दुपारचे २ वाजत आले होते.

फाइलीवर बदलाची वेळ गुरुवार दुपारची होती आणि टर्मिनलच्या हिस्टरीत, म्हणजे टाइप केलेल्या कमांडच्या यादीत, ती ७७७ ची कमांड पण होती. कोणी केलं ते तुम्हाला आणि मला माहीत आहे, पोरगा हुशार आहे, शिकते आहे, मी त्याचं नाव इथं घेणार नाही. फक्त सकाळी ११ वाजता “हाव, मी केलं” म्हटलं असतं तर तीन तास वाचले असते एवढंच.

परमिशन ७७७ ची ६४४ केली, फोल्डरची ७५५, म्हणजे वाचा कोणीही पण बदलेल फक्त मालक, सर्व्हिस रिस्टार्ट केली, सीझनच्या पावत्या परत आल्या. ही तुमची दोन मिनिटं. बरोबर मोजली तुम्ही, दोनच लागली. पण त्याआधी मी दोन्हीकडच्या डाटाचा बॅकअप घेतला तेव्हा तुम्ही जेवायला गेले होते, ते नाही मोजलं.

आणि खरं काम तर तिथून पुढे होतं. त्या ४१ पावत्या जुन्या डाटात पडल्या होत्या, त्यांना नंबर लागले मागच्या सीझनच्या शेवटच्या नंबरपासून पुढे, म्हणजे या सीझनच्या सुरुवातीच्या पावत्यांचेच नंबर. एकाच नंबरच्या दोन-दोन पावत्या, एक गाडी कळंबची, एक वडकीची. त्यातल्या ९ गाड्या तर अशा की भरल्या गाडीचं वजन लाईट जायच्या आधी झालेलं म्हणून एसएसडीवर, आणि रिकाम्या गाडीचं वजन नंतर झालं म्हणून जुन्या डिस्कवर. अर्धी गाडी इकडे, अर्धी तिकडे. शेतकऱ्याच्या हातातल्या चिठ्ठ्या, तुमच्या मुनीमजींची वही आणि दोन्ही डाटा समोर ठेवून एकेक गाडी जुळवली, रविवारी संध्याकाळपर्यंत. एकाही शेतकऱ्याचा एक किलो इकडचा तिकडे झाला नाही, हे तुमचे मुनीमजी सांगतील, ते सोबत बसले होते. त्यांचे आभार.

आणि “दोन दिवस काटा बंद” हे पण बरोबर नाही. काटा एक मिनिट बंद नव्हता, वजन होतच होतं, कॉम्प्युटरची पावती बंद होती, ती शनिवारी ४ वाजता सुरू करून दिली. शुक्रवार संध्याकाळी ७ ते शनिवार दुपारी ४, एकवीस तास होतात, दोन दिवस नाही.

साडेतीन हजारात ५०० येण्याजाण्याचे आहेत, ३,००० दोन दिवसाच्या कामाचे. नागपूरहून माणूस बोलावला असता तर त्याने गाडीभाडंच किती लावलं असतं ते तुम्हीच हिशेब करा. सॉफ्टवेअरवाल्यांनी तर फोनवर “आमच्याकडून सगळं ओके आहे” म्हणून हात झटकले होते, त्यांना स्टार किती दिले ते काही दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र मानतो, कोणी विचारली नाही तरी. एसएसडीवर डाटा हलवल्यावर जुनं फोल्डर मी तसंच, त्याच नावाने ठेवलं होतं, असू द्या कामात येईल म्हणून. त्याचं नाव बदलून ठेवलं असतं तर शुक्रवारी सर्व्हिस चालूच झाली नसती आणि ४१ पावत्यांचा घोळ झाला नसता. ते आता बदलून दिलं आहे, त्याचे पैसे लावले नाहीत. बाकी सीझनमधे रात्रीसाठी एखादा पोरगा ठेवायचं पाहतो आहे, मिळाला तर.

१,५०० बाकी आहेत ते तुमच्या सोयीने द्या, त्यासाठी काम अडवणार नाही, फोन आला तर येईनच. सर्व्हरचा पासवर्ड बदलून मुनीमजींच्या डायरीत लिहून दिला आहे, तो एकाच माणसाकडे राहू द्या. आणि यूपीएसची बॅटरी अजून बदलली नसेल तर बदलून घ्या शेठजी, माझ्याकडूनच घ्या असं काही नाही, कुठूनही घ्या.