एजंट विनम्र होता का?

होता. फार विनम्र होता. इतका की भांडायचीही सोय ठेवली नाही. 'आपली गैरसोय मी समजू शकतो' चार वेळा, 'सर' दोनदा, 'मॅम' दोनदा. कुकर बाहेरच्या झाकणाचा, शॉपिंग ॲपवरून मागवून आलेली रबरी रिंग आतल्या झाकणाची, हे त्याला फोटोसकट सांगून झालं. 'अजून काही मदत करू शकतो का?' असं विचारून त्यानं चॅट मिटवला आणि लगेच स्क्रीनवर पाच चांदण्या: आजचा अनुभव कसा वाटला?

चांदण्यांखाली तीन प्रश्न. एजंट विनम्र होता का? त्याला तुमचं म्हणणं समजलं का? मित्रमंडळींना आमचं नाव सुचवाल का, ० ते १० मध्ये सांगा. संपलं. वस्तू बरोबर आली का, हे अख्ख्या फॉर्ममध्ये कुणी विचारत नाही. एक चांदणी द्यावी तर ती त्या पोराच्या नावावर चढणार. त्याच्या हातात काय, तर तयार वाक्यं चिकटवणं. ज्यानं चुकीचा माल चढवला त्याच्यापर्यंत ती चांदणी जातच नाही. पाच द्याव्यात तर 'तक्रार निवारण झाली' म्हणून फाइल बंद. काहीच दिलं नाही तर संध्याकाळी आठवण, रात्री आठवण, सकाळी चहाच्या वेळेला 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे'. भीक नको पण कुत्रं आवर!

आणि वस्तू काय, तर १४९ रुपयांची कुकरची रिंग. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, '३ व ५ लिटर, सर्व कुकरसाठी योग्य'. अरे, सर्व कुकर म्हणजे काय? लिटर सांगून रिंग मिळत नाही हो. उभट ३ लिटर आणि पसरट ३ लिटर यांची तोंडंच वेगळी असतात. आतल्या झाकणाची रिंग झाकणाच्या कडेवर बाहेरून चढते, बाहेरच्या झाकणाची रिंग झाकणाच्या आत ओठाखाली बसते. ती लहान पडली की कडेनं वाफ फुसफुसते, शिटी होत नाही, पाणी आटतं आणि डाळ तळाला लागते. म्हणून लागतो तो व्यास, मिलिमीटरमध्ये. तेवढा सोडून बाकी सगळं त्या पानावर आहे, हसऱ्या बाईच्या फोटोसकट.

खाली प्रश्नोत्तरं असतात, ती तर आणखी थोर. 'बाहेरच्या झाकणाच्या ५ लिटरला बसेल का?' उत्तर: 'माहीत नाही, अजून उघडलं नाही.' दुसरं उत्तर: 'माझ्या आईला विचारावं लागेल.' बिचाऱ्यांचा दोष नाही, ॲप आधीच्या गिऱ्हाइकांनाच नावानं प्रश्न पाठवतं, त्यांना वाटतं आपल्याला कुणीतरी घरून विचारतंय. आणि परीक्षणं? 'डिलिव्हरी फास्ट, अजून वापरलं नाही, ५ स्टार.' चमचा, कढई, रिंग सगळी एकाच पानावर रंगप्रकार म्हणून जोडलेली, त्यामुळे कढईची स्तुती रिंगेच्या खात्यात जमा. डब्यात एक चिठ्ठीही निघते: पाच चांदण्या द्या, स्क्रीनशॉट पाठवा, ५० रुपये मिळवा. म्हणजे विकत घेतलेली स्तुती चालते. 'आतल्या झाकणाची रिंग पाठवतात, व्यास तपासा' असं खरं लिहिलं की मात्र 'आपलं परीक्षण नियमांत बसत नाही'. का? तर पॅकिंग, विक्रेता, डिलिव्हरी यांबद्दल एक शब्द आला की सगळंच उडवतात. विक्रेत्याबद्दलचं मत वेगळ्या जागी द्यायचं असतं, ते ऑर्डरच्या पोटात तिसऱ्या पडद्यावर पुरून ठेवलंय.

बदली मागवू नका. हे दगडावर कोरून ठेवा. गोदामात त्या पेटीवर बहुधा बारकोडच चुकीचा चिकटलेला असतो, त्यामुळे बदली म्हणून त्याच पेटीतली तीच रिंग येते. तिसऱ्यांदाही तीच येईल. पैसे परत मागायचे. तिथेही मेख: 'ॲपच्या वॉलेटमध्ये, लगेच' यावर आधीच टिक केलेली असते आणि 'मूळ खात्यात' खाली करड्या अक्षरांत. 'रिफंड झाला' म्हणाले आणि पैसे दिसले नाहीत तर चॅटमध्ये रडू नका, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा: यूपीआय असेल तर १२ आकडी आरआरएन, कार्ड असेल तर एआरएन. तो नंबर घेऊन बँकेला विचारता येतं. नंबर देता येत नाही म्हणाले तर समजा, पैसे बहुधा निघालेलेच नाहीत.

रिंग परत न्यायच्या पिकअपचं तर नावच काढू नका. दिवसभर दाराला कान, आणि रात्री ९.४७ ला मेसेज: 'आम्ही आलो होतो, ग्राहक उपलब्ध नव्हते.' कुठे आला होतात? कुणाच्या दारात? पाळी संपताना उरलेल्या नोंदी बहुधा अशाच मिटवतात, कारण पेंडिंग दिसली की पिकअपवाल्यावर शेरा. ही नोंद झाली की पुन्हा वेळ द्या, आणि माल परत करायची सात दिवसांची मुदत मधल्या मध्ये चालूच. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट तिथल्या तिथे काढायचा. चॅटचाही, कारण बंद झाला की कधी कधी मागमूस राहत नाही आणि नवा एजंट पुन्हा 'ऑर्डर क्रमांक सांगाल का?' पासून सुरू.

हे सगळं १४९ रुपयांसाठी! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नाक्यावरचा भांडीवाला झाकण हातात घेतो, आत अंगठा फिरवतो, खिळ्यावरच्या जुडग्यातून एक रिंग ओढतो, बसवून दाखवतो. त्याला कुणी ० ते १० विचारत नाही. तिकडे न जाण्याचं कारण काय, तर चप्पल घालायचा कंटाळा. रिंगेवर नाकारलेलं परीक्षण दीडशे शब्दांचं होतं, म्हणजे शब्दाला एक रुपया. त्यात व्यास कसा मोजावा हेही होतं, जणू आयएसआयचा शिक्का देणाऱ्यांनीच काम सोपवलंय.

तरी सोडायचं नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावाच लागतो. ॲपमध्ये शोधताना अंगठा झिजतो, पण अधिकारी तळाशी सापडतो. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, असं तिथे बंधन आहे. मेलमध्ये रामायण नको: ऑर्डर क्रमांक, तक्रार क्रमांक, रिंग आणि झाकण मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो, आणि एक वाक्य, 'मूळ खात्यात पैसे परत हवेत'. त्यानंतरही ढिम्म असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीत बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, म्हणजे १४९ रुपयांची रिंग घेऊन तिथेही रुबाबात जाता येईल. चप्पल मात्र घालावी लागेल.

हे लिहिता लिहिता पुन्हा टिंग. चांदण्या असतील म्हणून बघितलं, तर नाही. 'तुमच्यासाठी खास: ही रिंग घेणाऱ्यांनी हेही घेतलं.' खाली फोटो, ५ लिटरचा कुकर. आतल्या झाकणाचा.