'कूल रनिंग्ज'मधली ती गाडी कुणीही खांद्यावर घेतली नव्हती

'कूल रनिंग्ज' या पिक्चरबद्दलचा '100 टक्के सत्यकथा' हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर एका मावशीने टाकला, मग दुसरीने. तोवर मी गप्प होतो. पण नववीतल्या भाच्याने तो वाचून ॲथलेटिक्सच्या सरांना 'सराव काय, जिद्द पाहिजे' असं ऐकवलं म्हणे. मग मात्र लिहिणं आलं.

फॉरवर्ड सांगतो ते थोडक्यात असं: जमैकाचे चार धावपटू काही सराव न करता 1988 च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिम्पिकला बॉबस्लेड (बर्फाच्या उतारावर घसरगाडीची शर्यत) खेळायला गेले. पदक हाताशी आलं असताना जुन्या गाडीचा बोल्ट निखळला. मग त्यांनी ती खांद्यावर उचलून शेवटची रेषा ओलांडली. शेवटी टोमणा: 'आपल्याकडे हे होईल का?'

1993 चा हा पिक्चर मी परवा पुन्हा पाहिला. थंडीची सवय व्हावी म्हणून सांका नावाचा खेळाडू आइस्क्रीमच्या गाडीत जाऊन बसतो आणि त्याची गोठलेली बट काडकन मोडते, तिथे अजूनही हसू फुटतं. कोच झालेला जॉन कँडी तर काय, नुसता उभा राहिला तरी पुरतो. पण पिक्चर म्हणजे पुरावा नव्हे.

आधी तो बोल्ट. तिसऱ्या फेरीत गाडी चालवत होता डडली स्टोक्स, जमैकाच्या सैन्यातला हेलिकॉप्टर पायलट. गाडी ढकलून सुरुवात झकास झाली. पळण्यात ही पोरं कुणाला ऐकणारी नव्हतीच. पण पुढे वळणावर ताबा सुटला, गाडी उलटली आणि चौघांची हेल्मेटं बर्फाच्या भिंतीला घासत गेली. गाडीला दोष देण्यासारखं काही नव्हतं. कमी पडला तो चालवण्याचा अनुभव, कारण संघ उभा राहून जेमतेम काही महिने झाले होते. चौघांतला क्रिस स्टोक्स तर भावाची शर्यत बघायला आलेला. एक खेळाडू जखमी झाला म्हणून ऐनवेळी त्याला गाडीत बसवलं. म्हणजे 'सराव लागत नाही' याचा दाखला म्हणून जी गोष्ट फिरतेय, ती फसली नेमकी सराव कमी पडल्यामुळे. आणि सराव अजिबात केला नाही हेही खोटं. त्यासाठी ते अमेरिका, ऑस्ट्रियापर्यंत गेले होते.

खांद्यावरची गाडी? त्या फेरीचं चित्रण यूट्यूबवर आहे, मावश्यांनी दोन मिनिटं काढून बघावं. गाडी बर्फाच्या ट्रॅकवरूनच ढकलत नेतायत आणि खेळाडू शेजारून चालतायत. लोक टाळ्या वाजवतायत, ते मात्र खरं. तेवढं कबूल.

बाकीचं पटापट. पदक कधीच हाताशी नव्हतं. नावाजलेले धावपटू आलेच नाहीत, म्हणून सैन्यातून माणसं निवडली. मूळ कल्पना जॉर्ज फिच आणि विल्यम मलोनी या दोन अमेरिकनांची. पिक्चरमधला फसवणुकीमुळे बदनाम झालेला कोच काल्पनिक. पूर्व जर्मनीवाल्यांची दादागिरीही पटकथेतली. इतर संघांनी मदतच केली, असं स्वतः खेळाडू सांगत आलेत. आणि फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट: 1994 ला लिलहॅमर ऑलिम्पिकमध्ये जमैकाची चौघांची गाडी 14 वी आली. सहा वर्षं घासल्यावर.

राहता राहिला टोमणा. मनालीजवळच्या वशिष्ठचा शिवा केशवन 1998 ला नागानो ऑलिम्पिकमध्ये ल्यूजला (छोट्या घसरगाडीवर पाठीवर झोपून बर्फावरून घसरण्याची शर्यत) उतरला तेव्हा 16 वर्षांचा होता. पुढे 2018 पर्यंत सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळला. देशात बर्फाचा ट्रॅक नाही, म्हणून हा गडी गाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यावर, ट्रक चुकवत सराव करायचा. त्याचेही व्हिडिओ आहेत. भाच्याला पाठवलेत.