फ्लेक्सवर प्रभागाचा नंबर घालू नका

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत पडलात ना? असू द्या. हळदीकुंकवाची वाणं हलकी निघाली, अष्टविनायकाच्या बसचा एसी बंद पडला, ही कारणं घरच्यांना सांगायला ठीक आहेत. खरी चूक वेगळीच. तीन वर्षं चौकाचौकात तुमचा हात जोडलेला फोटो लटकत होता, खाली ‘भावी नगरसेवक’ आणि त्याखाली ठसठशीत प्रभाग क्रमांक. अहो, नंबर कशाला छापलात? तुम्ही भावी होतात, पण प्रभाग तुमच्याहून भावी होता!

पुण्याचंच बघा. २००२ ला एका प्रभागात तीन नगरसेवक, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. मग सरकार बदललं, पुन्हा एक ठरला. त्याच सरकारला दोन वर्षांत तीन बरे वाटू लागले. ते सरकार गेलं आणि गाडी परत चारवर आली. असा पाढा म्हणणाऱ्या पोराला आमच्या गुरुजींनी बाकावर उभं केलं असतं. शेवटी ४१ प्रभाग, १६५ जागा. ४० प्रभाग चारचे आणि एक चक्क पाचचा. मुंबईत वॉर्डाला एकच नगरसेवक, त्यामुळे तिथे हौस आकड्यावर भागवली. २२७ चे २३६ केले, मग २३६ चे पुन्हा २२७.

तेव्हा पहिला धडा हा, की आधी आरशात बघा. गल्ली तुम्हाला नावाने ओळखते, रात्री दोनला ससूनला धावता, असं असेल तर एकच्या प्रभागासाठी देव पाण्यात ठेवा. लोक तुम्हाला ओळखत नाहीत पण चिन्ह ओळखतात, असं असेल तर चार उत्तम. ऐंशी-पंच्याऐंशी हजार वस्तीच्या प्रभागात तुमच्या गल्लीची दोन हजार मतं म्हणजे आमटीतली मोहरी. शिवाय निवडून आल्यावर चारच्या प्रभागात खड्डा कोणाचाच नसतो. मतदार ‘अ’कडे गेला की ‘ब’कडे, ‘ब’कडून ‘क’कडे. ‘ड’पर्यंत पोचेस्तोवर पावसाळा संपतो.

आता प्रभागांच्या हद्दींचा नकाशा. इथे बेकायदेशीर काही करायचं नाही. गरजच पडत नाही. नियम स्वच्छ आहेत. सुरुवात उत्तरेकडून करा, ईशान्येला या, मग पूर्वेला, नागमोडी सरकत दक्षिणेला संपवा. वास्तुशास्त्रवाल्यानेही एवढ्या दिशा सांगितल्या नसतील. लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के खाली-वर चालेल. जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही. मात्र हा गट शेकड्यांतल्या वस्तीचा असतो, म्हणजे विटेएवढा. वीट फोडू नका म्हटलं. भिंत कुठे वळवायची ते गवंडी बघतो. सोसायट्यांचा पट्टा डावीकडे, वस्ती उजवीकडे, आणि तुमच्या विरोधकाचा बालेकिल्ला मधोमध कापून दोन शेजाऱ्यांना अर्धा अर्धा. एकही गट फुटलेला नाही!

नैसर्गिक सीमा पाळायच्या असतात. वर्षानुवर्षं ज्या नाल्याची सफाई कोणाच्याच हद्दीत येत नव्हती, तो त्या आठवड्यात एकदम नैसर्गिक सीमा होतो. नाला सोयीचा नसेल तर रस्ता घ्या. रस्ता नको असेल तर उड्डाणपूल आहेच.

लोकसंख्या मात्र २०११ ची. तेव्हा बालवाडीत असलेलं पोर आता मतदार झालंय आणि तुम्हाला मत देत नाही, आणि जिथे तुम्ही लिफ्टने अकराव्या मजल्यावर पत्रकं वाटलीत, तिथे नकाशाच्या हिशेबाने ऊस आहे. आता २०२७ ला शिरगणती व्हायची आहे. प्रगणक दारात आला तर चहा पाजा.

आणि हे सगळं ठरवतं कोण, असं भाबडेपणाने विचारू नका. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला, तोही एकमताने. जे सभागृह चहाच्या वेळेवरही एकमत करत नाही, त्याने! त्यानंतर जवळपास चार वर्षं पुण्या-मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ ला पुणे महापालिकेत आली नि २०२४ ला स्वतंत्र नगरपरिषद करून बाहेर काढली. अख्खी गावं आत-बाहेर होतात, तिथे तुमची गल्ली म्हणजे काय?

प्रारूप जाहीर झालं की हरकत जरूर घ्या. ढिगाने येतात. सुनावणीला अधिकारी मान डोलावून ऐकतात. तुम्हीही डोलवा. कोर्टाचा विचार असेल तर वकिलाकडून घटनेचं कलम २४३ झेडजी आधी समजून घ्या. प्रभाग आखण्याच्या कायद्यावर कोर्टात प्रश्न विचारायचा नाही, असं ते सांगतं. फी वाचेल.

एवढं जमवून आणलंत की आरक्षणाची सोडत येते. शाळेतलं एक निरागस पोरगं पारदर्शक डब्यात हात घालतं आणि तुमच्या पाच वर्षांच्या मेहनतीवर ‘महिला’ अशी चिठ्ठी काढतं. घाबरू नका. चारच्या प्रभागात अ नाही तर ब, क नाही तर ड, काहीतरी उरतंच. नाहीच उरलं तर वहिनी आहेत. त्यांचा हात जोडलेला फोटो आत्ताच काढून ठेवा. फ्लेक्सवाल्याला सांगा, दोघांचे चेहरे छाप, ‘भावी’ मोठ्या अक्षरांत छाप, आणि क्रमांकापुढे वीतभर जागा कोरी सोड. आकडा सरकार बदलल्यावर चिकटवू.