खुलासा: प्रिंटरसाठी राउटरवर पोर्ट उघडू नका

'वायरलेस प्रिंट सर्व्हर ऑफलाइन दिसला तर राउटरवर ९१०० पोर्ट फॉरवर्ड करा', असा सल्ला सध्या फिरतोय. (प्रिंट सर्व्हर म्हणजे प्रिंटरला नेटवर्कवर आणणारं उपकरण; ९१०० पोर्ट म्हणजे छपाईचं काम ज्यातून आत येतं ते दार; आणि फॉरवर्ड करणं म्हणजे ते दार इंटरनेटवरून येणाऱ्यांसाठी उघडणं.) हा सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचाही. घरातला कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच नेटवर्कवर असतात. त्यांना फॉरवर्डिंग लागतच नाही. उलट ९१०० वर पासवर्ड विचारलाच जात नाही, त्यामुळे बाहेरचा कुणीही तुमचे कागद संपवू शकतो. (गंमत वाटते, शाईची किंमत आठवेपर्यंत.)

बहुतेकदा खरं कारण साधं असतं: राउटर रीस्टार्ट झाल्यावर प्रिंट सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदलतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये तो पत्ता राखून ठेवा. पोर्ट आधीच उघडला असेल तर आजच बंद करा, आणि प्रिंट सर्व्हरचा कंपनीने दिलेला पासवर्डही बदला.